कुरकुर : गाडीखालच्या एका आवाजाचा इतिहास

#धागा #इतिहास #तंत्रज्ञान

१/
पहाटेची वेळ. सोसायटीच्या आवारातून एक मोटार सावकाश बाहेर पडते. स्टिअरिंग पूर्ण वळवताच पुढच्या चाकापाशी ‘कर्रर्र’ असा आवाज होतो. फाटकाजवळच्या गतिरोधकावर तोच आवाज पुन्हा येतो. गॅरेजमध्ये कुणीतरी खालून तेलाचा फवारा मारतो. आवाज थांबतो आणि आठवडाभरात परत येतो.
आवाज थांबला, म्हणजे बिघाड गेला का? या साध्या प्रश्नामागे दोन शतकांचा इतिहास आहे. घोडागाडीचे सुतार, तेलाची कुपी घेऊन फिरणारे गाडीमालक, रबराचे कारखानदार आणि कुर्ल्याचे मेकॅनिक या सर्वांचा त्यात वाटा आहे.

२/
आरंभ शब्दापासून. मराठीत ‘कुरकुर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : न वंगवलेल्या चाकाचा आवाज आणि माणसाची दबल्या स्वरातील तक्रार. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, कारण दोन्हींचा आशय एकच आहे. काहीतरी खुपत आहे, पण ते अजून मोडलेले नाही.
बैलगाडीच्या काळात त्या तक्रारीवरचा उपायही ठरलेला होता. तो म्हणजे वंगण. एरंडेलासारखे दाट तेल आसावर चोपडले जाई. लांबच्या वाटेला निघताना वंगण सोबत असणे ही गाडीवानाची शिस्त होती. आवाज, त्याचे कारण आणि त्यावरचा इलाज या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती होत्या.

३/
घर्षणावर द्रव ओतण्याची कल्पना याहून कितीतरी प्राचीन आहे. इजिप्तमधील देर अल-बर्शा येथे जेहुतीहोतेप या अधिकाऱ्याची कबर आहे. तिचा काळ सुमारे इ.स.पू. १९००. तिच्या भिंतीवर एक प्रचंड पुतळा घसरपाटीवरून ओढणारी १७२ माणसे रंगवलेली होती. घसरपाटीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक माणूस वाळूवर द्रव ओतताना दिसतो.
२०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले, की वाळू योग्य प्रमाणात ओली केली तर ओढण्यास लागणारे बल जवळजवळ निम्मे होते. चित्रातील तो माणूस आपले काम नेमके जाणत होता.

४/
उपाय प्राचीन असला, तरी कारणाचे शास्त्र उशिरा आले. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत घर्षणाचे नियम नोंदवले. पण त्या वह्या अप्रकाशित राहिल्या. १६९९ मध्ये फ्रान्सच्या गियोम आमोंतोंने तेच नियम नव्याने मांडले.
पुढे शार्ल-ऑगस्तँ कुलाँने लाकूड, धातू आणि दोरखंड घेऊन काटेकोर मापने केली आणि १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळवले. एक गोष्ट त्याने बारकाईने तपासली : स्थिर पडलेली वस्तू हलवण्यास जेवढे बल लागते, त्याहून कमी बलात ती पुढे सरकत राहते; आणि काही पदार्थांत ती जितका वेळ स्थिर राहील तितकी ती अधिक घट्ट धरली जाते.

५/
कुरकुरीचे बीज या फरकातच आहे. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असताना ओढ लावली, की ते प्रथम अडकतात. ताण वाढतो, मर्यादा ओलांडते, पृष्ठभाग सुटून झटकन सरकतात आणि पुन्हा अडकतात. ‘अडकणे-सुटणे’ हे चक्र सेकंदात अनेकदा घडले, की आजूबाजूचा धातू कंप पावतो आणि आवाज निर्माण होतो. व्हायोलिनची तार गजाखाली याच रीतीने गाते.
१९३९ मध्ये केंब्रिजच्या फ्रँक फिलिप बाउडन आणि एल. लेबेन यांनी धातूंमधील या झटक्यांचे सूक्ष्म मापन प्रसिद्ध केले. हे झटके संथ गतीत ठळकपणे जाणवतात. म्हणूनच भरधाव वेगात न ऐकू येणारी गाडी आवारातून हळू वळताना कुरकुरते. अर्थात वेगात रस्त्याचा आणि वाऱ्याचा गोंगाटही तो आवाज झाकून टाकतो.

६/
आता गाडीच्या सांगाड्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनचा गाडी बनवणारा ओबाडाया एलियट याने लंबवर्तुळाकार पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. त्याने घोडागाडीच्या पोटाखालचा जड दांडा अनावश्यक ठरवला. गाड्या हलक्या झाल्या आणि बसणाऱ्याची हाडे वाचली.
पण एकावर एक रचलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात. या घासण्यातून कुरकुर जन्मते. गंमत अशी, की तेच घर्षण उपयोगीही होते. शॉक ॲब्सॉर्बर नसलेल्या काळात उसळणारी गाडी स्थिर करण्याचे काम ते करीत असे. आवाज पूर्णपणे मारावा, तर गाडी झुल्यासारखी डोलत राहणार. म्हणजे ‘घर्षण वाईट’ एवढ्या सूत्रावर गाडी कधीच चालली नाही.

७/
याच सुमारास वळण्याचा प्रश्नही सुटत होता. चार चाकांची गाडी वळताना आतले पुढचे चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या. सबंध आसच मधोमध फिरवला, तर गाडी उलटण्याचा धोका वाढतो.
म्युनिकचा गाडी कारागीर गेऑर्ग लांकेन्सपेर्गर याने दोन्ही चाके आपापल्या खिळीवर स्वतंत्रपणे वळतील अशी रचना केली. लंडनमध्ये तिचे पेटंट १८१८ साली रुडॉल्फ आकरमान याने घेतले. तो चित्रे आणि ग्रंथांचा प्रकाशक होता आणि लांकेन्सपेर्गरचा प्रतिनिधी होता. आज जगभर ती रचना आकरमानच्या नावाने ओळखली जाते. मूळ कारागिराचे नाव तळटीपेत उरले.

८/
मोटारगाडीला हा धडा पुन्हा गिरवावा लागला. कार्ल बेंझची १८८६ ची गाडी तीन चाकांची होती, कारण पुढची दोन चाके एकत्र वळवण्याची समाधानकारक पद्धत त्याला तोवर गवसलेली नव्हती. १८९३ मध्ये त्याने अशा स्टिअरिंगचे पेटंट घेतले आणि चारचाकी ‘व्हिक्टोरिया’ बाजारात आली.
या प्रगतीची किंमत सांध्यांत मोजावी लागली. प्रत्येक चाकाला एक किंगपिन, दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड, त्याच्या दोन टोकांचे सांधे, पाट्यांच्या टोकांच्या कड्या आणि पिना. जिथे हालचाल तिथे घर्षण आणि जिथे घर्षण तिथे कुरकुरीची शक्यता.

९/
१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी गाड्या बनल्या. तिच्या पुढे आणि मागे पाट्यांचा एकेक आडवा संच होता. सांध्यांवर तेलाच्या छोट्या पेल्या बसवलेल्या असत. कोणत्या पेलीत किती मैलांनी काय घालायचे, याचा तक्ता गाडीसोबत मिळे.
या गाडीचे असंख्य मालक शेतकरी होते. नांगर आणि मळणीयंत्र यांना तेल देणाऱ्या हातांना गाडीला तेल देणे नवे नव्हते. काही महागड्या गाड्यांच्या पाट्यांवर चामड्याची नाडीबंद वेष्टने चढवून आत ग्रीस भरले जाई, म्हणजे धूळ आणि पाणी बाहेर राही.

१०/
तेल ओघळून जाते, ग्रीस टिकते. पण घट्ट ग्रीस अरुंद सांध्यात शिरणार कसे? पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आर्थर गुलबोर्ग याने दाबाने ग्रीस भरण्याची पद्धत विकसित केली आणि ती ‘अलेमाइट’ या नावाने पसरली. मूळचा व्हिएन्नाचा ऑस्कर झर्क याने ही जोडणी अधिक सोपी केली. १९२९ मधील पेटंटातली त्याची गोलसर टोकाची, आत स्प्रिंगने बंद होणारी गोळी असलेली जोडणी आजही वापरात आहे.
अमेरिकेत तिला झर्कचे नाव लागले. आपल्याकडचे मेकॅनिक तिला नुसते ‘निपल’ म्हणतात. ट्रकच्या किंगपिनवर ग्रीस गन टेकवली आणि जुने काळे ग्रीस बाहेर आले, की काम झाले.

११/
ज्यांना गाडीखाली जाणे नको होते, त्यांच्यासाठीही मार्ग निघाला. जोसेफ बायजर याच्या मध्यवर्ती वंगण पद्धतीत एका टाकीपासून निघालेल्या बारीक नळ्या सांध्यांपर्यंत जात. १९२९ च्या रोल्स-रॉइस फँटम दोनमध्ये ती पद्धत होती. चालकाने पेडल दाबले, की गाडीखालच्या सांध्यांना तेलाचा घोट मिळे.
सामान्य गाड्यांना मात्र खड्डा आणि ग्रीस गन यांना पर्याय नव्हता. साधारण हजार मैलांनी गाडी सर्व्हिस स्टेशनच्या खड्ड्यावर उभी राहावी, अशी त्या काळची रीत होती.

१२/
या कंटाळवाण्या रीतीचा एक लाभ कोणत्याही तक्त्यात लिहिलेला नव्हता. ग्रीस गन घेऊन खाली गेलेल्या माणसाची नजर प्रत्येक सांध्यावरून फिरत असे. तडा गेलेला पाटा, सैल झालेला नट, एका बाजूने झिजलेला टायर, निपलमधून ग्रीस घेईनासा झालेला सांधा हे सारे त्याला आपोआप दिसे.
वंगण हे निमित्त होते आणि तपासणी हे त्याचे फळ होते. पुढच्या अर्धशतकात अभियंत्यांनी वंगणाची गरज जवळजवळ संपवली. त्याबरोबर ही नजरही गाडीखालून निघून गेली. कुरकुरीच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण हेच आहे.

१३/
त्या बदलाची सुरुवात रबराने केली. चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे अमेरिकन पेटंट घेतले होते. दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपात ‘सिलेंटब्लॉक’ नावाचा भाग प्रचारात आला. एकात एक बसवलेल्या धातूच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेले रबर, अशी त्याची घडण होती.
येथे पृष्ठभाग सरकतच नाहीत. सांधा हलला, की रबर पिळवटते आणि पुन्हा पूर्ववत होते. सरकणे नाही, म्हणून घासणे नाही. घासणे नाही, म्हणून वंगण नको. त्या नावातच शांततेचे वचन होते. रशियन आणि स्पॅनिश मेकॅनिक आजही अशा कोणत्याही भागाला त्याच नावाने ओळखतात. मराठी गॅरेजांत तो ‘बुश’ झाला.

१४/
मात्र रबराचे मौन काही अटींवर मिळते. बुश बसवताना बोल्ट शेवटचा आवळायचा, तो गाडीचे वजन चाकांवर असताना. गाडी उचललेली आणि चाके लोंबकळत असताना तो आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. अशी नवी बुशही लवकर कुरकुरू लागते आणि अकाली फाटते.
‘नवीन भाग टाकला, तरी आवाज येतोच’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. भाग सदोष नसतो. तो चुकीच्या स्थितीत आवळलेला असतो.

१५/
पुढचे पाऊल सस्पेन्शनच्या रचनेत पडले. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकन गाड्यांत ‘नी-ॲक्शन’ या नावाने पुढच्या चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन आणले. एक चाक खड्ड्यात गेले, तरी दुसरे आपल्या जागी राहू लागले.
नंतर अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याने शेवरोलेच्या एका छोट्या गाडीच्या प्रकल्पावर काम केले. तो प्रकल्प गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवण्याची त्याची कल्पना १९५० मध्ये ब्रिटनमध्ये सादर झालेल्या फोर्ड कॉन्सलमधून लोकांपर्यंत पोहोचली. भाग कमी, वजन कमी, जागा कमी. आजच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांमागे हाच खांब उभा असतो.

१६/
या खांबाचे एक वैशिष्ट्य कुरकुरीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. स्टिअरिंग वळवले, की सबंध खांब आणि त्याभोवतीची स्प्रिंग चाकाबरोबर फिरते. वरच्या टोकाला, बॉनेटखाली, त्यासाठी एक बेअरिंग असते. त्यात धूळ, पाणी आणि गंज शिरला, की ते अडखळू लागते.
मग खालून चाक वळते, वरून स्प्रिंग अडून राहते, पीळ भरत जातो आणि एका क्षणी स्प्रिंग झटक्याने सुटते. जागच्या जागी स्टिअरिंग वळवताना येणारी ‘कर्र… टंग’ अशी जोडध्वनीची तक्रार बहुधा येथली असते. कुलाँने मोजलेले अडकणे-सुटणे येथे पोलादी स्प्रिंगच्या रूपाने ऐकू येते.

१७/
तिसरा बदल सांध्यांत झाला. १९५२ च्या लिंकन गाडीने अमेरिकेत पुढच्या सस्पेन्शनमधील किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट आणला. मानवी खांद्यासारखी ही रचना आहे : वाटीत बसलेला पोलादी गोळा, जो वळतोही आणि वरखालीही झुकतो.
पुढे वाटीला घर्षण कमी करणाऱ्या प्लास्टिकचे अस्तर आले, उत्तम ग्रीस आले आणि वरून रबरी टोपण आले. १९६१ च्या गाड्यांबाबत फोर्डने सांध्यांचे ग्रीसिंग हजार मैलांऐवजी ३०,००० मैलांनी करावे लागेल, अशी जाहिरात केली. हळूहळू निपल नाहीसे झाले आणि सांधे कारखान्यातच कायमचे बंद होऊ लागले.

१८/
‘कायमचे’ या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घ्यावा लागतो. बंद सांध्याचे आयुष्य त्याच्या रबरी टोपणाएवढेच असते. टोपण फाटले, की आत पाणी आणि वाळू जाते, ग्रीस धुऊन निघते आणि सांधा स्वतःलाच खाऊ लागतो. वरून ग्रीस भरण्यास निपल नसते आणि तपासण्यास खाली कुणी जात नाही.
झिजेची किंमत किती मोठी असते, हे याच दशकात शासकीय पातळीवर मांडले गेले. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव दिले. या ज्ञानाचा नीट वापर केल्यास ब्रिटिश उद्योगाची वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंडांची बचत होईल, असा अंदाज तिने वर्तवला.

१९/
भारतात मात्र ग्रीस गनचे युग लांबले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढे तिचेच ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसेडर बनत होती. तिचा मूळ साचा ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डचा होता.
ॲम्बॅसेडरला पुढे पिळाच्या दांड्यांचे, म्हणजे टॉर्शन बारचे, स्वतंत्र सस्पेन्शन होते. पद्मिनीला पुढे गुंडाळी स्प्रिंग होती. मागे दोघींनाही पाटेच होते. जगात रचना बदलत गेल्या, तरी या दोन गाड्या दशकानुदशके जवळजवळ त्याच राहिल्या.

२०/
या स्थैर्यातून एक कौशल्य घडले. मुंबईच्या टॅक्सीतळांवर आणि गावोगावच्या झाडाखालच्या गॅरेजांत त्याच त्या दोन गाड्यांचे आवाज वर्षानुवर्षे ऐकलेले कान तयार झाले. पाट्यांची ‘करकर’, सैल पिनेची ‘टकटक’, कोरड्या किंगपिनची ‘कुईं’ हे भेद शब्दकोशात नव्हते, पण कारागिरांना पाठ होते.
१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाच्या हाती पडली. तिच्या पुढच्या चाकांमागे मॅकफर्सनचा खांब होता. बॉल जॉइंट, रबरी बुश आणि बंद सांधे यांचे युग भारतीय रस्त्यावर आले. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील नोंदणीकृत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही संपली.

२१/
कानाने निदान करण्याची परंपरा मात्र वैद्यकातून आलेली आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लाएनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्मास आला. लांकेन्सपेर्गर आपल्या वळणाऱ्या आसावर काम करीत होता, तो काळही हाच.
गॅरेजमधला मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्रावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवतो, तेव्हा तो लाएनेकचेच अनुकरण करीत असतो. लाएनेकचा मूळ धडाही त्याला लागू पडतो : लक्षण आणि रोग वेगळे असतात. आवाज कोठे ऐकू येतो आणि कोठे उत्पन्न होतो, या दोन जागा पुष्कळदा निराळ्या असतात, कारण पोलादी सांगाडा ध्वनी दूरवर वाहून नेतो.

२२/
म्हणून जुन्या कारागिरांची पहिली पायरी ‘कुठे?’ ही नसून ‘केव्हा?’ ही असते.
• गाडी उभी असून केवळ स्टिअरिंग वळवताना आवाज आला, तर संशय खांबाचे वरचे बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या टोकांवर.
• स्टिअरिंग सरळ असून गतिरोधकावर आला, तर लोअर आर्मची बुश, स्टॅबिलायझर बारची रबरे किंवा मागचे पाटे.
• ब्रेक लावताना वा गाडी निघताना आला, तर लोअर आर्मची मागची बुश.
• पायांजवळ, केबिनच्या आत आला, तर स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा किंवा तो दांडा जिथून खाली जातो तेथील रबर.
पहाटे गारव्यात येणारा आणि दुपारी नाहीसा होणारा आवाज बहुधा रबराचा असतो, कारण थंडीत रबर ताठरते.

२३/
दुसरी पायरी हाताची. एकाने उभ्या गाडीचे स्टिअरिंग सावकाश वळवायचे आणि दुसऱ्याने स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला तळवा हलकेच टेकवायचा. बोटे वेटोळ्यांच्या फटीत कदापि घालायची नाहीत. बेअरिंग अडत असेल, तर पिळाचा झटका तळव्याला जाणवतो.
मग गाडी उचलून भक्कम घोड्यांवर ठेवायची. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जीवघेणे ठरते. चाक वर आणि खाली धरून हलवले असता खेळ जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. डावीउजवीकडे धरून जाणवला, तर टाय रॉडचे टोक. रबरी टोपण फाटलेले दिसले, तर खेळ जाणवण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.
बुशवर संशय असल्यास एका वेळी एकाच बुशवर साधे पाणी मारायचे. आवाज काही क्षण थांबला, तर गुन्हेगार सापडला.

२४/
येथेच पहिल्या प्रसंगातील तेलाच्या फवाऱ्याचा हिशेब लागतो. पाणी वाळते आणि आवाज परत येतो, म्हणून ते निदानास योग्य आहे. खनिज तेल मात्र नैसर्गिक रबरात मुरते. रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर फाटते. लोखंडी पाट्यांवर वापरलेले इंजिन ऑइल मारण्याची जुनी सवय नव्या गाडीच्या बुशपर्यंत आली, तेव्हा एका युगाचा उपाय दुसऱ्या युगात अपाय ठरला.
स्टॅबिलायझर बारच्या रबराला वंगण द्यायचे असेल, तर ते सिलिकॉन ग्रीससारखे, रबराला न खाणारे असावे लागते. फाटलेल्या बुशला आणि झिजलेल्या बॉल जॉइंटला कोणतेही वंगण पुरत नाही. ते भाग बदलावेच लागतात. टाय रॉडचे टोक बदलले, तर व्हील अलाइनमेंट करावी लागते. खांबाचे बेअरिंग बदलताना दाबलेली स्प्रिंग मोकळी करावी लागते. तिच्यात प्राणघातक बळ साठलेले असते, म्हणून ते काम योग्य साधने असलेल्या कारागिराचेच.

२५/
हा भेद केवळ खर्चाचा नाही. स्टॅबिलायझरचे कुरकुरणारे रबर महिनोन्महिने त्रास देईल, पण गाडी चालत राहील. कोरडा पडलेला बॉल जॉइंट आज कुरकुरतो, पुढे खडखडतो आणि शेवटी वाटीतून निखळतो. त्या क्षणी चाक कलंडते, गाडीचा एक कोपरा रस्त्यावर बसतो आणि स्टिअरिंग हातात असूनही निरुपयोगी होते.
दोन्ही भागांचा पहिला आवाज जवळजवळ सारखाच असतो. तेलाच्या फवाऱ्याने दोन्ही गप्प होतात. त्यांतला धोकादायक कोणता, हे गप्प केल्यावर कळण्याची सोय राहत नाही.

२६/
विद्युत मोटारींनी या कथेत नवे पान जोडले आहे. इंजिनाची घरघर नाहीशी होताच पूर्वी तिच्याखाली दडलेले आवाज उघडे पडले. आज मोटार उद्योगात गुणगुण, कुरकुर आणि खडखड यांच्या चाचणीची स्वतंत्र शाखा आहे. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत गाड्यांच्या आवाज-कंपनांचा शास्त्रशुद्ध अभ्यास होतो.
टॅक्सीतळावरचा कान आणि प्रयोगशाळेतला मायक्रोफोन यांचा प्रश्न मात्र एकच आहे : दोन पृष्ठभागांपैकी कोणते, केव्हा आणि का अडकत आहेत?

२७/
सारांश. बैलगाडीपासून ग्रीस गनपर्यंत कुरकुर ही नित्याची आठवण होती : ‘वंगण द्या.’ ती वारंवार येई, म्हणून माणूस वारंवार गाडीखाली पाही. रबर आणि बंद सांध्यांनी ती आठवण दूर केली. आता गाडी वर्षानुवर्षे गप्प राहते. आणि बोलते, तेव्हा वंगणाची वेळ बहुधा टळून गेलेली असते.
जुन्या गाडीची कुरकुर ही मागणी होती, तर नव्या गाडीची कुरकुर हा बहुधा इशारा असतो. आवाज तोच राहिला. दोनशे वर्षांत त्याचा अर्थ बदलला. म्हणून हातात तेलाची बाटली घेण्यापूर्वी एकदा गाडीखाली दिवा धरून पाहावे. गाडीवान निघण्यापूर्वी आसाकडे पाही, तसे.

#कुरकुर #मोटारीचा_इतिहास